नॉटचा हिशोब: बोटीचा वेग, वारा आणि पाणी न चुकता कसं वाचायचं

"बोट ताशी आठ नॉटने जाते." "वादळाचा वेग साठ नॉट." "इथून दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर." रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जेट्ट्यांवर ही तीन वाक्यं कायम कानावर पडतात. नॉट हे समुद्रावरचं वेगाचं माप. पहिलं वाक्य चूक आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं समुद्रात थेट अडचणीत आणणारं आहे.

जुन्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला) याचा फारसा फटका बसत नाही. तो पाण्याचा रंग, डोंगराच्या खुणा आणि घड्याळ यांवर चालतो. फसतात ते नव्याने सुकाणू हातात घेतलेले, पर्यटकांच्या बोटी चालवणारे आणि सागरी परीक्षांची तयारी करणारे. समोर जीपीएस, मोबाईलवर हवामानाचं ॲप, कानावर बुलेटिन, आणि तिन्हीकडचे आकडे वेगवेगळ्या मापात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. दोराच्या गाठीलाही इंग्रजीत नॉटच म्हणतात, पण तो विषय इथे घेत नाही.

नॉटचा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारायचे: हा वेग कोणाचा, आणि कशाच्या तुलनेत? पुढचे सगळे टप्पे याच दोन प्रश्नांची उत्तरं शोधतात.

निघण्याआधीची तयारी

ही कामं धक्क्यावरच उरका. बोट हलायला लागली की सेटिंगमध्ये डोकं घालायला कुणालाच वेळ नसतो.

जीपीएसच्या सेटिंगमध्ये अंतर सागरी मैलात (पडद्यावर एनएम), वेग नॉटमध्ये (केएन किंवा केटी) आणि स्थान 'अंश आणि दशांश मिनिटं' या पद्धतीत लावा. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात ती पद्धत, डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. कागदी नकाशा वापरत असाल तर त्यावर कोणता डेटम छापलाय तेही बघून घ्या. जुन्या नकाशांवर वेगळा असू शकतो, आणि मग जीपीएसवरचं स्थान नकाशावर थोडं सरकून पडतं.

मोबाईलवरच्या हवामान ॲपमध्ये वाऱ्याचं एकक कोणतं आहे ते उघडून बघा. अनेक ॲपमध्ये ते मीटर प्रति सेकंद असतं. तिथे '१२' वाचून आपण निश्चिंत होतो, आणि प्रत्यक्षात तो २३ नॉटचा वारा असतो.

एक जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारं घड्याळ जवळ ठेवा. ओल्या हातात पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

तपासणी: बोट धक्क्याला बांधलेली असताना जीपीएसवर वेग शून्य किंवा शून्य दशांश एक-दोन दिसायला हवा. एक नॉटच्या वर दिसत असेल तर यंत्राला उपग्रह नीट मिळालेले नाहीत. थोडं थांबा.

टप्पा १: एकक पक्कं करा

एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. 'तासाला' हे नॉटमध्येच आलं, म्हणून 'ताशी आठ नॉट' किंवा 'आठ नॉट प्रति तास' म्हणायचं नाही. नुसतं 'आठ नॉट'. तोंडी परीक्षेत या एका चुकीवरून परीक्षक पुढचे प्रश्न कडक करतो.

रस्त्यावरचा मैल १,६०९ मीटरचा. 'दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर' हे त्या मैलाचं गणित. समुद्रात दहा मैल म्हणजे साडेअठरा किलोमीटर. राज्याच्या मासेमारी कायद्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत आहे. ती रस्त्याच्या मैलाने मोजलीत तर जवळपास तीन किलोमीटरची चूक होते, आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हेच उलटं कळतं. शिवाय ही हद्द आधाररेषेपासून (हद्द मोजायला किनाऱ्यालगत ठरवलेल्या रेषेपासून) मोजतात, आपल्या गावच्या पुळणीपासून नाही.

तोंडी हिशोबासाठी तीन युक्त्या:

१. किलोमीटरचे नॉट करताना निम्मं करा आणि त्यात त्याचा दहावा भाग मिळवा. ५० किमी म्हणजे २५ अधिक अडीच, साडेसत्तावीस. खरं उत्तर २७. वाऱ्यासाठी ही पद्धत बरी, कारण चूक सावधगिरीच्या बाजूला पडते.

२. मीटर प्रति सेकंदाचे नॉट करताना दुप्पट करा.

३. नॉटचे किलोमीटर करताना दुप्पट करून थोडं कमी करा. २० नॉट म्हणजे ३७ किमी.

खोलीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ती अजून वावात बोलतात. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. फिश फाइंडर मीटरवर आणि बोलणं वावात असेल तर २० चा आकडा दोघांना दोन वेगळ्या खोली सांगतो. बोटीवर एकच माप ठरवा.

टप्पा २: अंतर नकाशाच्या बाजूच्या पट्टीवर मोजा

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. कोकणची किनारपट्टी उत्तर-दक्षिण असल्यामुळे हा नियम आपल्याला फार सोयीचा आहे. रत्नागिरी साधारण १६ अंश ५९ मिनिटांवर, मालवण १६ अंश ३ मिनिटांवर. फरक ५६ मिनिटांचा, म्हणून सरळ उत्तर-दक्षिण अंतर ५६ सागरी मैल. कॅल्क्युलेटरही लागत नाही. प्रत्यक्ष मार्ग यापेक्षा थोडा लांब होतो, कारण वाटेतली टोकं आणि खडक टाळून बाहेरून जावं लागतं.

नकाशावर मोजताना डिव्हायडर डाव्या किंवा उजव्या कडेच्या पट्टीवर धरा, तेही ज्या अक्षांशाजवळ चाललाय त्याच उंचीवर. वरच्या-खालच्या कडेची पट्टी रेखांशाची. आपल्या भागात रेखांशाचं मिनिट सागरी मैलापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी लहान असतं.

सावधान: ५९.५० मिनिटं आणि ५९ मिनिटं ५० सेकंद या दोन वेगळ्या जागा आहेत. ५९.५० म्हणजे ५९ मिनिटं ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, म्हणजे सहाशे मीटरच्या वर. मोकळ्या समुद्रात तो खपून जाईल. मालवणच्या किंवा वेंगुर्ला रॉक्सच्या आसपास तेवढ्यात बोट खडकावर असते. कुणी फोनवर 'पॉइंट' दिला तर 'दशांश की सेकंद?' हे विचारल्याशिवाय तो भरू नका.

टप्पा ३: बोटीचा स्वतःचा वेग काढा

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. इंजिन बोटीला ढकलतं ते पाण्यात. आणि पाणी स्वतः हलत असतं. चालत्या एसटीत कंडक्टर पुढच्या सीटकडे चालत जातो, तेव्हा रस्त्यावरून बघणाऱ्याला त्याचा वेग वेगळा दिसतो आणि सीटवर बसलेल्याला वेगळा. बोटीचंही तेच.

पाण्यातला वेग काढायला यंत्र लागत नाही. बोटीच्या काठावर बरोबर दहा मीटर अंतरावर रंगाने दोन खुणा करा. नारळाचं सोडण रात्रभर भिजत ठेवा. भिजलेलं सोडण पाण्यात जवळजवळ बुडून राहतं आणि वारा त्याला धरत नाही. थर्माकोल, चेंडू किंवा रिकामी बाटली वापरू नका. त्या वाऱ्यावर पळतात आणि हिशोब बिघडतो.

१. इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे, त्या आकड्यावर) ठेवा आणि दोन-तीन मिनिटं बोटीचा वेग स्थिर होऊ द्या.

२. नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) माणसाने सोडण पुढे आणि जरा बाजूला फेकायचं. मागे फेकलं तर पंख्याच्या पाण्यात सापडतं.

३. सोडण पहिल्या खुणेसमोर आलं की हाक द्यायची, दुसऱ्या खुणेसमोर आलं की दुसरी. मधले सेकंद मोजायचे.

४. १९.४ ला त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे नॉट.

तीन सेकंद लागले तर साडेसहा नॉट, साडेतीन लागले तर साडेपाच. अर्ध्या सेकंदाच्या चुकीने एक नॉट इकडचा तिकडे होतो, म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नका. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. उभं राहणाऱ्याने खुणेच्या अगदी समोर उभं राहायचं. तिरकं बघितलं की सोडण लवकर किंवा उशिरा पोचल्यासारखं वाटतं.

हेच काम जीपीएसनेही होतं. पाणी कमीत कमी हलतंय अशा वेळी एकाच आरपीएमवर आधी एका दिशेला, मग बरोबर उलट दिशेला जा, आणि दोन्ही वेळच्या वेगांची सरासरी घ्या. मात्र ठरावीक अंतर कापायला लागलेला वेळ मोजत असाल तर प्रत्येक फेरीचा वेग वेगळा काढून मग सरासरी घ्या. दोन्ही फेऱ्यांचे वेळ एकत्र करून भागलंत तर उत्तर नेहमी कमी येतं.

तीन-चार वेगवेगळ्या आरपीएमवर हे करा आणि 'आरपीएम – नॉट' असा तक्ता सुकाणूजवळ चिकटवा. बर्फ, डिझेल आणि जाळी भरलेली असताना एक आणि रिकाम्या बोटीवर एक, असे दोन तक्ते केलेत तर उत्तम. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरले की हे आकडे खाली येतात. बोट वर ओढून साफ केल्यावर पुन्हा मोजा.

टप्पा ४: पाणी कुठे ओढतंय ते जोडा

जीपीएसचा वेग आणि टप्पा ३ चा वेग यांच्यातला फरक बहुतेक पाण्याचा असतो. उघड्या समुद्रात तो बऱ्याचदा किरकोळ निघतो. दाभोळला वाशिष्ठीच्या, जयगडला शास्त्रीच्या किंवा बाणकोटला सावित्रीच्या तोंडाशी मात्र तो सगळं वेळापत्रक उलटवू शकतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी मऊ असतं.

उदाहरण घ्या. खाडीतून चार मैल बाहेर जाऊन परत यायचंय, बोटीचा पाण्यातला वेग सहा नॉट आणि सुकतीचं (ओहोटीचं) पाणी दोन नॉटने बाहेर ओढतंय. बाहेर पडताना जमिनीवरचा वेग आठ नॉट, वेळ ३० मिनिटं. त्याच पाण्यात परत आत येताना चार नॉट, वेळ एक तास. मिळून दीड तास. थांबलेल्या पाण्यात हेच ८० मिनिटांत झालं असतं. 'जाताना मदत, येताना विरोध, हिशोब बरोबरीत' ही समजूत मनातून काढून टाका. विरोधात जास्त वेळ जातो, म्हणून नुकसानच जास्त.

पाणी आडवं असेल तर बोट तोंड एकीकडे करते आणि जाते दुसरीकडे. सहा नॉटच्या बोटीला दोन नॉटचं आडवं पाणी लागलं तर सरळ जायला तोंड जवळपास वीस अंश, पाणी जिकडून येतंय त्या बाजूला वळवून धरावं लागतं. होकायंत्राची दिशा आणि जीपीएसवरचा प्रत्यक्ष मार्ग, दोन्ही बघा. नुसत्या समोरच्या दीपगृहावर नाळ धरून चालत राहिलात तर बोट कमान करत खाली वाहत जाते.

सावधान: वारा 'कुठून येतो' ते सांगतात, पाणी 'कुठे जातं' ते सांगतात. 'वायव्येचा वारा' आणि 'आग्नेयेकडे जाणारा प्रवाह' बोटीला एकाच बाजूला ढकलतात. बुलेटिन वाचताना हे उलटं लावणारे बरेच आहेत.

सुकतीचं जोरदार पाणी बाहेर येतंय आणि समोरून समुद्राची लाट आत येतेय, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या आणि जवळजवळ होतात. 'बाहेर पडताना वेग चांगला मिळतो' म्हणून हीच वेळ निवडू नका. जीपीएसवर दिसणाऱ्या आठ नॉटचा तिथे काही उपयोग होत नाही.

टप्पा ५: वेळ आणि डिझेल

सूत्र एकच: मिनिटं = मैल × ६० ÷ नॉट. हर्णै ते जयगड साधारण ३१ मैल. जमिनीवरचा वेग सात नॉट मिळाला तर २६६ मिनिटं, म्हणजे ४ तास २६ मिनिटं. एक नॉटचं पाणी विरोधात असेल तर सहा नॉट, ३१० मिनिटं, ५ तास १० मिनिटं. पाऊण तासाचा फरक, आणि तो अंधार पडतानाचा असू शकतो.

इथली नेहमीची चूक: कॅल्क्युलेटर ३१ ÷ ७ चं उत्तर ४.४३ देतो आणि ते '४ तास ४३ मिनिटं' म्हणून वहीत जातं. दशांश भाग साठाने गुणा, किंवा आधीपासून मिनिटांतच हिशोब करा.

डिझेलबाबत. जड, पाणी कापत जाणाऱ्या मासेमारी बोटीला एका मर्यादेनंतर वेग फार महाग पडतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी ३६ फूट असलेली अशी बोट साधारण आठ नॉटपर्यंत सहज जाते. त्यापुढे रेस वाढवली की मागे पाण्याचा खड्डा पडतो, धूर वाढतो आणि वेग जागच्या जागी राहतो. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा आठ नॉटला तासाला १२ लिटर जातं, तर सात नॉटला सुमारे आठ लिटर पुरेल. ३२ मैलांना आठ नॉटने चार तास आणि ४८ लिटर, सातने साडेचार तासांच्या थोडं वर आणि सुमारे ३७ लिटर. अर्ध्या तासासाठी अकरा लिटर जाळायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. बाजार गाठायचा असेल तर कधी कधी परवडतंही. सपाट तळाच्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या फायबरच्या बोटींना मात्र हे गणित लावू नका. त्यांचं वेगळं आहे.

तपासणी: जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं टाकीत. परतीचं डिझेल जातानाच्या वेगावर न काढता परतीच्या पाण्यावर आणि वाऱ्यावर काढा.

टप्पा ६: वाऱ्याचा आकडा वाचा

मच्छिमारांसाठीच्या इशाऱ्यात हवामान विभाग बऱ्याचदा 'ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ पर्यंत' असं देतो. नॉटमध्ये हे २४ ते ३०, झोत ३५. पहिला आकडा काही मिनिटांची सरासरी असते, झोत हा मधला धक्का. बोट उलटवायला धक्का पुरतो, त्यामुळे निर्णय झोताच्या आकड्यावर घ्या.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला की केबिनवरचा दाब चौपट होतो. 'काल पंधरा होता, आज वीसच तर आहे' म्हणताना दाब पावणेदोन पटींच्या पुढे गेलेला असतो.

चक्रीवादळाच्या बातम्यांत दोन वेग असतात आणि ते हमखास एकमेकांत मिसळतात. एक, वादळ पुढे सरकण्याचा. दुसरा, त्याच्या आत फिरणाऱ्या वाऱ्याचा. वादळाचं वर्गीकरण दुसऱ्यावरून होतं: १७ ते २७ नॉट डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ च्या पुढे चक्रीवादळ (नाव इथे मिळतं), ४८ ते ६३ तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेलं निसर्ग या शेवटच्या वर्गातलं. वादळ किती वाजता पोचेल हे मात्र सरकण्याच्या वेगावरून काढायचं. तिथे वाऱ्याचा आकडा घातलात तर ते दुपारऐवजी सकाळीच आलेलं दिसेल.

बंदरावरच्या बावट्याचा नंबर हाही वेग नाही. तीन नंबरचा बावटा म्हणजे तीन नॉट नव्हेत की तीन पट धोकाही नव्हे. तो इशाऱ्याचा प्रकार आहे.

बोटीवर अंगाला लागणारा वारा फसवा असतो. पाठीवर १५ नॉटचा वारा घेऊन सात नॉटने चाललात तर अंगाला आठच नॉट लागतात. डेकवर चहा सांडत नाही, सगळे खूष. त्याच वाऱ्यात बोट फिरवून परत निघालात की २२ लागतात. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडून दुपारी वायव्येच्या वाऱ्यात उत्तरेकडे परतणाऱ्यांना हे रोजचं आहे. म्हणून बाहेर जात असताना अधूनमधून बोट थांबवून, तोंड वाऱ्यात करून खरा वारा अंगावर घ्या. परतीचा विचार त्याच वाऱ्यावर करायचा.

टप्पा ७: अडचणीत नॉट कसा सांगायचा

इंजिन बंद पडलं की आधी पाणी किती आहे ते बघा. नांगर लागत असेल तर टाका. लागत नसेल तर बोट वाहत जाणार, आणि शोधायला येणाऱ्यांना तुम्ही कुठे आहात यापेक्षा ते पोचतील तेव्हा कुठे असाल हे हवं असतं. जीपीएसवर दहा मिनिटं बघा: कोणत्या दिशेला, किती नॉटने वाहतोय.

मग व्हीएचएफच्या (बोटीवरच्या रेडिओच्या) १६ नंबर चॅनलवर किंवा मोबाईलची रेंज असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर सांगा. जीव धोक्यात असेल तर व्हीएचएफवर आधी तीनदा 'मेडे' ही संकटाची हाक. क्रम असा ठेवा: बोटीचं नाव, स्थान, स्थान घेतल्याची वेळ, काय झालं, वाहण्याची दिशा आणि वेग, माणसं किती. नावानंतर असं: "स्थान उत्तर सोळा अंश, शून्य चार दशांश दोन मिनिटं. पूर्व त्र्याहत्तर अंश, एकवीस दशांश पाच मिनिटं. वेळ चौदा वीस. इंजिन बंद. आग्नेयेकडे दीड नॉटने वाहतोय. माणसं सात." आकडे सावकाश, एकेक करून, आणि दोनदा म्हणा.

घाईत वेळ सांगायची राहते, आणि तेवढ्याने बाकीचे आकडे निकामी होतात. दीड नॉटने बोट चाळीस मिनिटांत एक मैल सरकते. संदेश पुढे जायला, बोट निघायला आणि तिथवर यायला दोन तास गेले तर तुम्ही सांगितलेल्या जागेपासून तीन मैल दूर असता, आणि स्थान कधीचं आहे हे कळलं नाही तर ते तीन मैल कुठून मोजायचे हे त्यांना समजत नाही. दर अर्ध्या तासाने नवं स्थान आणि नवी वेळ कळवत राहा.